वऱ्हाडांतील तंबाखूत्याग: व्यायाम, पथ्य आणि संगत

१

तंबाखूचें व्यसन सोडवावयाचें तर केवळ उपदेश किंवा केवळ औषध पुरें पडत नाहीं, त्यास व्यायामाची आणि आहाराची जोड द्यावी लागते, असें मत अलीकडील वैद्यकांत वारंवार मांडलें जातें. तें मांडणारे बहुधा तें नवीन समजतात. उलटपक्षीं स्वदेशाभिमानी मंडळी म्हणतात कीं, यांत नवें कांहींच नाहीं. आमच्या आयुर्वेदांत आणि आमच्या तालमींत हें सर्व पूर्वींपासूनच आहे. या दोन्ही पक्षांचीं विधानें ग्रंथ व कागद यांच्या कसोटीस लावून पाहावीं, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

क्षेत्र म्हणून वऱ्हाडांतील अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे घेतले आहेत. त्याचें कारण असें कीं, १९०५ पासून १९५५ पर्यंतच्या पन्नास वर्षांत याच भूमींतून तीन निरनिराळ्या चळवळी निघाल्या: गाडगे महाराजांचें कीर्तन, अमरावतीचा हनुमान आखाडा आणि तुकडोजी महाराजांची ग्रामसेवा. माणसाचें शरीर, त्याचें अन्न आणि त्याचें व्यसन या गोष्टींशीं या तिन्ही चळवळींचा संबंध आला. परंतु प्रत्येकीनें त्यांस निरनिराळ्या बाजूनें हात घातला.

लेखाचा निष्कर्ष आरंभींच नमूद करितों. व्यायाम आणि पथ्य यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे, हें खरें. परंतु त्या सांगडीनें व्यसन सुटतें, हें तिच्या जुनेपणानें सिद्ध होत नाहीं. जुन्या ग्रंथांत आणि वऱ्हाडांतील संस्थांत त्या दोहोंच्या जोडीस आणखी दोन गोष्टी होत्या; एक क्रम आणि दुसरी संगत. त्या वगळून केवळ दंड-बैठकांचा किंवा दुधा-तुपाचा गौरव करणें म्हणजे अर्धाच पुरावा वाचणें होय.

२

प्रथम कालनिर्णय केला पाहिजे. तंबाखू ही मूळची अमेरिका खंडांतील वनस्पति. पोर्तुगीज लोकांच्या व्यापाराबरोबर ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून दक्षिणेंतील सुलतानांच्या मुलखांत पसरली. सुमारें १५९५ च्या वेळीं तयार झालेल्या आइन-इ-अकबरींत पिकांच्या विस्तृत याद्या आहेत. त्यांत तंबाखू नाहीं. पुढें अकबराचा वकील असदबेग १६०३-०४ च्या सुमारास विजापुरास गेला. परततांना त्यानें तेथून तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी आणून बादशहापुढें ठेविली. हकिमांनीं ही वस्तु ग्रंथांत नाहीं म्हणून हरकत घेतली. तथापि थोड्याच दिवसांत सरदार मंडळींत तिचा प्रसार झाला, असें तो स्वतःच लिहितो. १६१७ मध्यें जहांगिरानें धूम्रपानास मनाई केली. पण हुकुमानें ही संवय थांबली नाहीं. व्यसनापुढें केवळ मनाई दुबळी ठरते, याचा आपल्या देशांतील हा एक जुना दाखला आहे.

वऱ्हाड १५७४ पर्यंत एलिचपूरच्या इमादशाहींत, नंतर अहमदनगरच्या निजामशाहींत आणि १५९६ पासून मोंगलांच्या ताब्यांत होतें. म्हणजे तंबाखू दक्षिणेकडून उत्तरेस गेली त्या वेळीं हा प्रांत त्या दोन मुलखांच्या मधोमध पडला होता. यावरून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ती येथें पोंचली असावी, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

या कालनिर्णयाचा पोथ्या गोळा करणारांस एक प्रत्यक्ष उपयोग आहे. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव वाङ्मयाचें माहेर. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटानें लीळाचरित्र येथेंच सिद्ध केलें. त्या काळच्या वाङ्मयांत तांबूल आणि विडा यांचे उल्लेख आढळले तर त्यांत आश्चर्य नाहीं, कारण पान-सुपारी आपल्याकडे प्राचीन आहे. परंतु १६०० पूर्वींची म्हणून दाखविलेल्या एखाद्या पोथींत तमाखू किंवा गुडगुडी हे शब्द आले, तर ती ओळ मागाहून घातलेली आहे, किंवा ती पोथीच उत्तरकालीन आहे, असें समजून तिची फेरतपासणी करावी. हीच कसोटी वस्तूंसही लागू आहे. जुन्या घराण्यांतून मिळणारे बिदरी कामाचे गुडगुडीचे बैठे कितीही जुने सांगितले गेले, तरी तंबाखूच्या आगमनापलीकडे त्यांचा काळ नेतां येत नाहीं.

३

आतां वैद्यकग्रंथांकडे वळूं. येथें एक घोटाळा आधीं दूर केला पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत धूमपानाचा विधि सांगितला आहे. त्यावरून आपले पूर्वज तंबाखू ओढीत असत, असें विधान कधीं कधीं केलें जातें. तें सर्वथा निराधार आहे. चरकाची धूमवर्ति सुगंधी व औषधी द्रव्यांची असून ती आठ अंगुळें लांब व यवासारखी मध्यें जाड अशी करावयाची असे. स्नानानंतर, भोजनानंतर, शिंक आल्यावर, दांत घासल्यावर अशा ठराविक आठ प्रसंगींच तिचा धूर घ्यावयाचा असे. अवेळीं किंवा अतिरेकानें घेतल्यास होणारे विकारही तेथेंच दिले आहेत. ही औषधक्रिया होय. व्यसनाशीं तिचा संबंध नाहीं.

तंबाखूचें वर्णन वैद्यकांत पुष्कळ उशिरां येतें. महाराष्ट्रांतील वैद्यांच्या नित्य वापरांतील योगरत्नाकर या उत्तरकालीन ग्रंथांत तमाखूचे गुणदोष दिलेले आढळतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील प. कृ. गोडे यांनीं तंबाखूच्या हिंदुस्थानांतील इतिहासावर लेख लिहून असे उल्लेख कालक्रमानें एकत्र केले. या विषयाच्या अभ्यासकानें ते प्रथम पाहावे.

तंबाखूचें नांव चरकांत नसलें, तरी जडलेली वाईट संवय सोडण्याची रीति तेथें आहे, आणि ती मोठ्या लक्षणीय जागीं आहे. सूत्रस्थानाचा सातवा अध्याय वेगांविषयीं आहे. मलमूत्रादि शरीराचे वेग अडवूं नयेत; लोभ, क्रोध, मत्सर इत्यादि मनाचे वेग मात्र आवरावे, असें त्याच्या आरंभीं सांगितलें आहे. त्याच्या पुढें व्यायामाचें लक्षण, त्याचे लाभ आणि अतिव्यायामाचे तोटे येतात. त्यास लागूनच अहितकर संवय सोडण्याचा क्रम येतो. संवय एकदम तोडूं नये. तिचा एक चतुर्थांश टाकावा आणि तितकाच हितकर वस्तूचा अंश तिच्या जागीं घ्यावा. मग मध्यें एक दिवस, पुढें दोन दिवस, पुढें तीन दिवस असें अंतर वाढवीत दुसरा, तिसरा व चौथा अंश बदलावा, असा त्याचा आशय आहे. दिवसांच्या मोजणीविषयीं टीकाकारांत मतभेद आहेत. पण पायरीपायरीनें सोडणें आणि सोडलेल्याच्या जागीं दुसरें कांहीं भरणें, हीं दोन तत्त्वें निर्विवाद आहेत. पुढें प्रत्येकाची प्रकृति ओळखून आहार ठेवावा असें सांगून, अध्यायाच्या उत्तरभागांत कोणाची संगत टाळावी व कोणाची धरावी याचें विवेचन केलें आहे; आणि शेवटीं दहीं केव्हां व कशाबरोबर खावें हा आहाराचा नियम येतो.

वेगनिग्रह, व्यायाम, क्रमानें त्याग, संगत आणि आहार हे पांच विषय एका अध्यायांत शेजारीं शेजारीं आले आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तथापि तिचा अर्थ मर्यादेंतच केला पाहिजे. या पांचांचा मिळून एक उपचार चरकानें बांधलेला नाहीं; व्यायाम केल्यानें व्यसन सुटतें असेंही तो म्हणत नाहीं. निरोगी राहूं इच्छिणाऱ्या मनुष्याच्या दिनचर्येंत या सर्वांस एकत्र जागा आहे, एवढेंच तो दाखवितो. वाग्भटानें पुढें अष्टांगहृदयांत हाच विचार घेतला. व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा, आणि अंगवळणीं पडलेलें अपथ्य चौथाईनें, किंवा तेंही जड वाटल्यास सोळाव्या हिश्शानें सोडावें, असें तो सांगतो. दोन्ही नियमांत मनुष्याच्या दुर्बलतेची जाणीव आहे. व्यसनी माणसास दोष देऊन मोकळें न होतां त्याची ताकद मोजून पाऊल टाकावयास लावणारी ही वैद्याची दृष्टि होय.

४

व्यायाम आणि आहार यांची प्रत्यक्ष जोड मल्लविद्येच्या वाङ्मयांत दिसते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (बारावें शतक) मल्लविनोदाचें प्रकरण आहे. त्यांत मल्लांची वर्गवारी, त्यांची मेहनत आणि त्यांस द्यावयाचें पुष्टिकर अन्न यांचा विचार आहे. गुजराथेंतील ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण १९६४ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालें. त्यांतही मेहनतीचे प्रकार आणि मल्लाचा आहार हे विषय एकत्र येतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मल्लाचा खुराक आणि मल्लाची मेहनत हीं एकाच शास्त्राचीं दोन अंगें, हा समज तंबाखू या देशांत येण्याच्या पुष्कळ आधींचा आहे.

तंबाखू आल्यावर तालमीनें तिला दाराबाहेर ठेविलें. आखाड्याची माती पूज्य. तिच्याजवळ जोडे घालून जाणें, थुंकणें, चिलीम किंवा विडी ओढणें हें वर्ज्य मानलें जातें. मारुतीची मूर्ति समोर असतां वस्तादाच्या देखत तंबाखू मळण्यास कोणाही शिष्याचा हात धजत नसे. या रूढीचें महत्त्व कमी लेखण्याचें कारण नाहीं. दहा-बारा वर्षांचा मुलगा तालमींत येई, त्याच्या संध्याकाळच्या दोन घटका तेथें जात, आणि ज्या वयांत पहिली विडी ओढली जाते तें वय त्याचें वस्तादाच्या नजरेखालीं सरे.

परंतु येथेंच एक भेद लक्षांत ठेविला पाहिजे. मनाई वेगळी आणि मुक्ति वेगळी. तालीम ही अव्यसनी मुलास व्यसनापासून दूर ठेवी. पण ज्यास व्यसन आधींच जडलें आहे अशा चाळीस वर्षांच्या शेतकऱ्यास किंवा मजुरास तेथें जागा नव्हती. आपल्या तालमींनीं तंबाखू सोडविली, असें विधान करणारांनीं हा भेद पाळलेला दिसत नाहीं. त्यांचा पुरावा पहिल्या गोष्टीचा आहे आणि निष्कर्ष दुसऱ्या गोष्टीचा.

५

वऱ्हाडांत या जुन्या तालमीस अर्वाचीन संस्थेचें रूप अमरावतीस मिळालें. १९१४ मध्यें वैद्य बंधूंनीं, म्हणजे अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य यांनीं, येथें हनुमान आखाड्याचा पाया घातला; तोच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नांवानें सर्व हिंदुस्थानांत प्रसिद्धीस आला. एका वस्तादाच्या हाताखालची तालीम त्या वस्तादाबरोबर संपते. मंडळानें शिकविणारे तयार करण्याचें काम हातीं घेतलें, त्यामुळें मल्लखांब, लेझीम, लाठी, कुस्ती इत्यादि विद्या एका गांवापुरत्या राहिल्या नाहींत. १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं मंडळाच्या चमूनें तेथें कबड्डी व देशी व्यायाम यांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. क्रांतिकारक शिवराम हरि राजगुरु यांचें नांवही या आखाड्याशीं जोडलेलें आहे. हें मंडळ आजही अमरावतीस चालू आहे.

याच सुमारास बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखालीं व्यायामज्ञानकोशाचे खंड निघत होते, आणि औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचा प्रचार करीत होते. पंतप्रतिनिधींच्या लेखनांत नमस्कारांबरोबर आहाराचाही विचार येतो. म्हणजे अमरावतीचें कार्य एकटें नव्हतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सर्व महाराष्ट्रांत शरीरसंवर्धनाची जी लाट उठली तिचा वऱ्हाडांतील तो सर्वांत टिकाऊ भाग होय.

मंडळाच्या इतिहासांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यानें व्यायामास सामुदायिक व नित्य रूप दिलें. ठराविक वेळ, ठराविक मैदान, शेजारीं उभे असलेले सोबती आणि पुढें शिक्षक. न आलेल्याची चौकशी होई. एकट्यानें घरीं केलेल्या बैठका आणि अशा मैदानांतील कवाईत यांत श्रम सारखेच असतील, पण माणसावर होणारा परिणाम सारखा नाहीं.

६

मनाईकडून मुक्तीकडे जाणारें पाऊल आखाड्याबाहेर पडलें. तें टाकणारे पुरुष गाडगे महाराज. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांव येथें झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनानें खंगून गेले. मग लहानगा डेबूजी आईबरोबर अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूरजवळील दापुरे या आजोळीं वाढला. म्हणजे अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे त्यांच्या बाळपणांतच एकत्र आले आहेत. आणि ते ज्या कारणानें एकत्र आले तें कारण व्यसन हेंच होय.

त्यांच्या चरित्रांतील एक प्रसंग आमच्या विषयाशीं निगडित आहे. मुलीच्या बारशास भाऊबंदांस मांस व दारू देण्याची ज्ञातींतील रीत होती. डेबूजीनें ती मोडून गोड अन्नाचें जेवण घातलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. व्यसनाचा निषेध त्यानें पंगतीच्या पानावर केला, ही यांतील विशेष गोष्ट. दारू नको एवढेंच म्हणून तो थांबला नाहीं. तिच्या जागीं दुसरें अन्न वाढलें. चरकाच्या अध्यायांत सोडलेल्याच्या जागीं हितकर वस्तु भरण्याचें जें तत्त्व आहे, तेंच येथें एका निरक्षर शेतकऱ्यानें आपल्या व्यवहारज्ञानानें अंगिकारलें.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. त्यापुढील पन्नास वर्षांचा त्यांचा क्रम सर्वश्रुत आहे: दिवसा हातांत खराटा घेऊन गांव झाडावयाचें आणि रात्रीं कीर्तन करावयाचें. या क्रमांतील दिवसाचा भाग आपण बहुधा स्वच्छतेच्या सदरांत घालतों. परंतु गांवकरी त्यांच्याबरोबर झाडूं लागत, तेव्हां तें सामुदायिक अंगमेहनतीचें काम होई. ज्यास तालमींत जागा नव्हती तो प्रौढ माणूस येथें घाम गाळीत असे. मग रात्रीच्या कीर्तनांत प्रश्न विचारून, श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून, दारू, कर्ज, पशुहत्या यांचा निषेध होई. सर्वांसमक्ष तोंडून निघालेलें उत्तर माणसास बांधून ठेवितें. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ त्यांचा देह पडला.

दुसरे तुकडोजी महाराज. ३० एप्रिल १९०९ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें त्यांचा जन्म झाला. १९३५ मध्यें मोझरी येथें त्यांनीं गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९५५ मध्यें त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. तींत ग्राम-आरोग्यास स्वतंत्र अध्याय दिला आहे. पहाटे सामुदायिक ध्यान, मग ग्रामसफाई, आणि सायंकाळीं सामुदायिक प्रार्थना, अशी दिवसाची चौकट त्यांनीं गांवापुढें ठेविली. व्यसनी माणसाचा दिवस तलफेच्या वेळांनीं विभागलेला असतो: उठल्यावर एक, जेवल्यावर एक, काम थांबलें कीं एक. त्या वेळांच्या जागीं दुसऱ्या वेळा बसविल्याशिवाय तलफ जात नाहीं. गुरुकुंजाच्या दिनचर्येनें दिवसाचीं दोन टोकें तरी बांधून घेतलीं.

येथें कीर्तन आणि ग्रामसेवा या दोन्ही चळवळींचा मुख्य रोख दारूवर होता, हें विसरतां कामा नये. तंबाखूचा निषेध त्यांच्या व्यापक व्यसननिषेधांत येतो. तंबाखूकरितां त्यांनीं स्वतंत्र उपचार बसविला असें म्हणणें हें पुराव्यापुढें धांवणें होईल.

७

इतका इतिहास पाहिल्यावर, व्यायाम व पथ्य यांनीं तंबाखू सुटते काय, या मूळ प्रश्नास आजच्या प्रयोगांची साक्ष काय आहे तें पाहिलें पाहिजे. इतिहाससंशोधकानें या साक्षीकडे पाठ फिरवूं नये. कारण जुनें तें खरें कीं खोटें, हें केवळ जुन्या कागदांनीं ठरत नाहीं.

१९९९ मध्यें अमेरिकेंत बेस मार्कस व त्यांचे सहकारी यांनीं २८१ धूम्रपानी स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांस बारा आठवडे व्यसन सोडण्याविषयीं सामुदायिक मार्गदर्शन मिळालें. निम्म्या स्त्रियांस त्यासोबत जोरकस व्यायाम देण्यांत आला. कार्यक्रम संपतेवेळीं व्यायाम करणारांपैकीं शेंकडा १९·४ आणि न करणारांपैकीं शेंकडा १०·२ स्त्रिया व्यसनमुक्त होत्या. एक वर्षानंतर हे आंकडे अनुक्रमें ११·९ आणि ५·४ असे उरले. हा निकाल उत्साहवर्धक होता. परंतु २०१९ मध्यें कॉक्रेन संस्थेनें अशा २४ प्रयोगांचें, ७,२७९ माणसांच्या माहितीवरून, एकत्र परीक्षण केलें, तेव्हां मार्गदर्शनास व्यायामाची जोड दिल्यानें कायमचा त्याग अधिक होतो असें सिद्ध झालें नाहीं. थोडा वेळ जलद चालल्यानें तेवढ्यापुरती तलफ कमी होते, ही गोष्ट मात्र इतर प्रयोगांवरून दिसून येते. आहाराची गोष्टही अशीच मर्यादित आहे. धूम्रपान सोडल्यावर पहिल्या वर्षांत सरासरी साडेचार ते पांच किलो वजन वाढतें. त्या भीतीनें कित्येक पुन्हां विडीकडे वळतात. पथ्याचा उपयोग ही भीति आंवरण्यास आहे. तंबाखूची जागा तें स्वतः घेऊं शकत नाहीं.

मार्कस यांच्या प्रयोगांत दोन्ही गटांस मार्गदर्शन व सोबत मिळत होती, हें ध्यानांत घ्यावें. व्यायाम हा त्या सोबतीवर चढविलेला मजला होता. आमच्या वऱ्हाडांतील पुराव्याशीं हें जुळतें. वेळ बांधणें, सोबती देणें, सर्वांसमक्ष शब्द घेणें, हा पाया. श्रम आणि अन्न हीं त्यावरील बांधकाम. पाया सोडून बांधकामाची स्तुति करणारा आपला अभिमानी पक्ष आणि पाया न पाहतां बांधकाम नवें म्हणणारा दुसरा पक्ष, या दोघांचीही चूक एकच आहे.

आणखी एक भेद वऱ्हाडच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. वरील सर्व प्रयोग ओढणारांवरील आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत प्रौढांपैकीं शेंकडा २६·६ लोक तंबाखू वापरतात. त्यांत ओढणारे शेंकडा ३·८, आणि खाणारे किंवा लावणारे शेंकडा २४·४ आहेत. कांहीं दोन्ही करतात. आमच्याकडील व्यसन चुन्याच्या डबींत, चंचींत आणि खर्ऱ्याच्या पुडींत आहे. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलें मिश्रण. विदर्भांत त्याचा प्रसार फार. २०१२ मध्यें महाराष्ट्रांत गुटख्यावर बंदी आली, तरी हातांनीं मळलेली तंबाखू चालूच राहिली. ओढणारांच्या प्रयोगांचे निकाल तोंडांत तंबाखू धरणाऱ्या शेतमजुरास जसेच्या तसे लावतां येत नाहींत. शेतमजुराचें शरीर दिवसभर श्रमतच असतें. त्यास व्यायाम करा म्हणून सांगणें व्यर्थ आहे. तो भूक मारण्यास आणि श्रमाचा शीण विसरण्यास तंबाखू धरतो. त्याच्या बाबतींत पथ्य म्हणजे पोटभर आणि वेळेवर अन्न, आणि संगत म्हणजे कामाच्या जागीं तंबाखू न मागणारा सोबती.

८

या कारणानें वऱ्हाडांतील जुन्या संस्थांचे कागद केवळ कुतूहलाचा विषय राहत नाहींत. तोंडानें तंबाखू खाणाऱ्या समाजांत त्यागाचे कोणते उपाय केले गेले आणि ते किती टिकले, याचा पुरावा परदेशी प्रयोगशाळेंत मिळणार नाहीं. तो येथल्या माळ्यांवर व पेट्यांत आहे. आणि हा कागद नाशिवंत आहे. फर्मानें, सनदा व महजर यांस संग्राहक जपतात, कारण त्यांवर शिक्के आहेत. व्यायामशाळेच्या हजेरीपटास शिक्का नसतो. तो रद्दींत जातो.

तेव्हां वऱ्हाडांतील संग्राहकांनीं पुढील प्रकारचे कागद विशेष लक्ष देऊन मिळवावे. व्यायामशाळांचे हजेरीपट, नियमांच्या पाट्या आणि वर्गणीच्या वह्या. कीर्तनांच्या व सप्ताहांच्या जाहिराती. लेखी शपथा किंवा प्रतिज्ञापत्रें. घरंदाज वैद्यांच्या पथ्याच्या याद्या व औषधांच्या वह्या. आणि किराणा व तंबाखू विकणाऱ्या दुकानदारांच्या खतावण्या. शेवटचा प्रकार कोणास क्षुल्लक वाटेल, पण तोच निर्णायक ठरण्यासारखा आहे. एका गांवचा हजेरीपट आणि त्याच गांवच्या दुकानदाराची खतावणी शेजारीं ठेविली, तर मैदानावर नित्य येणाऱ्या माणसाच्या खात्यावरील तंबाखू कमी झाली किंवा नाहीं, हें नांवानिशीं ताडून पाहतां येईल. प्रतिज्ञा किती जणांनीं केली यापेक्षां ती किती जणांनीं पाळली, हें खतावणी सांगते. अर्थात् अशीं नांवें प्रसिद्ध करतांना हयात घराण्यांची अब्रू सांभाळणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे.

शोध घेतांना जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत, हें विसरूं नये. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १९०३ मध्यें तें मध्यप्रांतास जोडण्यांत आलें. १९०५ च्या पुनर्रचनेंत एलिचपूर जिल्हा अमरावतींत गेला व बासीम जिल्हा मोडला. आणि आजचा वाशीम जिल्हा १९९८ मध्यें अकोल्यांतून पुन्हां वेगळा झाला. म्हणून अकोल्याचा कागद वाशिमास आणि अमरावतीचा कागद अचलपुरास सांपडण्याचा संभव आहे. एकोणिसाव्या शतकांतील वह्या बहुधा मोडींत असतील. त्यांचें वाचन जाणणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. यादव माधव काळे यांनीं १९२४ मध्यें वऱ्हाडचा इतिहास लिहून राजकीय घडामोडींची चौकट घालून दिली. त्या चौकटींत आतां सामान्य माणसाच्या दिनचर्येचा इतिहास भरावयाचा आहे.

मिळालेला प्रत्येक कागद कोठें मिळाला, कोणाच्या घरीं होता, आणि त्याच्या शेजारीं दुसरे कोणते कागद होते, याची नोंद त्याच दिवशीं करावी. वही फोडून तिचीं सुटीं पानें विकूं अथवा वाटूं नयेत. हजेरीपट एकटा मुका असतो. खतावणीच्या शेजारीं ठेविला म्हणजे तो बोलूं लागतो.